तीन करवती, एक पेटी: प्रकल्प नोंदी

रविवार, ७ जानेवारी २०२४

हत्यारांची पेटी आज एकदाची सुरू झाली. सागवानाच्या फळ्या २० मिमी जाडीला रंधून झाल्या, गुण्या लावून कडा तपासल्या आणि फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. पेटी ७०० मिमी लांब, ३५० रुंद, ३२० उंच. चारही कोपरे डव्हटेलचे, म्हणजे एका फळीच्या पंख्यासारख्या शेपट्या दुसरीच्या पिनांमध्ये गुंतणारे. झाकणाला चौकट, चौकटीच्या कोपऱ्यांना कुसू आणि भोक (एका पट्टीच्या टोकाची जीभ दुसरीच्या भोकात), मध्ये पातळ फळी. आत एक सरकता खण, १० मिमीच्या फळ्यांचा, त्यालाही डव्हटेल.

या कामासाठी करवती घ्यायच्या हे ठरलेलं होतं. कोणत्या, ते ठरत नव्हतं. कॅटलॉग चाळायला घेतला की प्रत्येक करवत हवीशी वाटते. म्हणून आज उलट्या टोकानं सुरुवात केली. आराखडा पुढ्यात घेतला आणि या पेटीत करवतीचे काप किती आहेत ते मोजलं.

एका कोपऱ्याला पाच शेपट्या. म्हणजे शेपट्यांच्या फळीवर दहा तिरके काप. समोरच्या फळीवर चार पूर्ण पिना आणि कडेच्या दोन अर्ध्या पिना, त्यांचेही दहा. कोपऱ्याला वीस, चार कोपऱ्यांचे ऐंशी. झाकणाच्या दोन पट्ट्यांना मिळून चार कुसवं, प्रत्येकाला दोन गाल (जिभेच्या रुंद बाजू), म्हणजे आठ काप. हे सगळे लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेनं, उभे. रेषेला आडवे काप कोणते? कुसवांचे आठ खांदे (गाल संपतो तिथली पायरी), आणि डव्हटेलच्या फळ्यांच्या कडेचे तुकडे उडवायचे आठ. बस.

८८ उभे, १६ आडवे, खणाचे वेगळे. आणि माझ्याकडे पाठीची करवत (पात्याच्या वरच्या कडेला धातूची पट्टी असलेली) एकच: १२ इंची, इंचाला १२ टोकांची, आणि दात आडव्या कापाचे. हे आकडे वहीत एकाखाली एक लिहिले तेव्हा कळलं की मी कुसवाचे गाल आजवर चुकीच्या दातांनी कापत आले आहे. गाल वाकडा गेला की हात बसला नाही असं म्हणायचे आणि पटाशीनं सारखा करायचे.

शनिवार, १३ जानेवारी

टाकाऊ तुकड्यांवर चाचणी. फळीच्या टोकाला २० मिमी खोलीच्या पाच रेषा आखल्या आणि घरच्या करवतीनं कापल्या. एकेका कापाला तीस-पस्तीस हात लागले. पाचातले तीन काप रेष सोडून एकाच बाजूला सरकले होते, आणि फळीची रेषही त्याच बाजूला झुकलेली होती.

मग करवत उलटी करून शेगड्यात, म्हणजे बाकाच्या पकडीत, धरली आणि भिंगाखाली दात बघितले. प्रत्येक दाताची पुढची कड तिरकी घासलेली, एका दाताची डावीकडून, पुढच्याची उजवीकडून. टोकं सुरीच्या टोकासारखी. आडव्या कापाला असेच दात लागतात: दोन बाजूंनी तंतू आधी तोडले जातात आणि मधला भाग भुसा होऊन निघतो. तिथे सरळ दात वापरले तर तंतू उपसले जातात आणि खांद्याची कड केसाळ होते.

उभ्या कापाचा दात वेगळा. त्याची कड पात्याला काटकोनात, सरळ घासलेली असते. तो दात म्हणजे इवलीशी पटाशी. प्रत्येक दात चिरीच्या तळाशी तंतूंच्या टोकांवर आदळतो आणि एक बारीक ढलपी खरवडून काढतो. त्याचा भुसाही निराळा असतो, पिठासारखा नाही, बारीक कुरळ्या काड्यांचा. उभ्या कापात सुरीची टोकं तंतूंच्या मध्ये शिरतात, त्यांना तोडायला काही सापडत नाही, आणि लाकडाची रेष जिकडे जाते तिकडे पातं तिच्या मागे जातं. माझे तीन काप असेच गेले.

दुसरी गोष्ट कॅलिपरनं कळली. पातं ०.८ मिमी जाड आहे आणि त्यानं पाडलेली चीर १.३ मिमी रुंद. करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. तो सेट. त्यानं चीर पात्यापेक्षा थोडी रुंद होते आणि पातं अडकत नाही. पण इथे दर बाजूला पाव मिलिमीटर मोकळीक आहे. ओल्या, मऊ लाकडात ती लागली असती. सुक्या सागवानात तेवढ्या जागेत पातं खुळखुळतं, आणि मनगट जरा वळलं की चिरीतच तिरकं होतं. करवतीला वाट दाखवतात त्या चिरीच्या दोन भिंती. भिंती पात्यापासून दूर असतील तर वाट दाखवणार कोण?

बुधवार, १७ जानेवारी

संध्याकाळी हत्याराला हात लावला नाही, फक्त हिशेब केला. दातांची संख्या दोन पद्धतींनी सांगतात आणि त्यावरून घोटाळा होतो. एका इंचात पूर्ण दात किती बसतात, ही एक पद्धत. एका इंचात टोकं किती, दोन्ही सीमांवरची धरून, ही दुसरी. टोकं नेहमी दातांपेक्षा एकानं जास्त. माझी १२ टोकांची करवत म्हणजे ११ दातांची.

दात जितके बारीक तितका काप सुबक, असं मीही धरून चालले होते. हिशेब वेगळंच सांगतो. इंच म्हणजे २५.४ मिमी. इंचाला १५ दातांची करवत २० मिमी जाड फळीत चालते तेव्हा एका वेळी साधारण १२ दात लाकडात असतात. हे छान. तीच करवत झाकणाच्या ७० मिमी रुंद पट्टीचा गाल कापायला लावली तर ४१ दात एकदम लाकडात. दोन दातांमधली खोबण भुसा साठवायला असते. ७० मिमी चालेपर्यंत बारीक दाताची खोबण भरून जाते, भुशाला बाहेर पडायला जागा नसते, आणि दात भुशावर तरंगायला लागतात. हात चालतो, काप चालत नाही. मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की पातं वाकतं.

म्हणून गालांसाठी ११ दात बरे, ३० दात लाकडात आणि खोबण मोठी. उलट खणाच्या १० मिमी फळीत १५ दातांच्या करवतीचे सहाच दात एका वेळी चालतील. सुरुवातीला ती अडखळणार. त्याचं काय करायचं ते खणाच्या वेळी बघू.

एका करवतीत हे सगळं बसणार नाही. उभ्या कापासाठीच दोन लागतील: एक बारीक दातांची, बुटकी, डव्हटेलला, एक मोठ्या दातांची, लांब आणि खोल पात्याची, कुसवांना. आडव्या कापासाठी घरची आहेच, फक्त तिचा सेट कमी करायचा.

शनिवार, २० जानेवारी

एका मैत्रिणीच्या बेंचवर चार तास. तिच्याकडे दोन्ही जातीच्या करवती आहेत, ढकलून कापणाऱ्या आणि जपानी, ओढून कापणाऱ्या. तिनं सगळ्या पुढ्यात मांडल्या आणि म्हणाली, "तुझं लाकूड आण, तुझ्या रेषा आख, माझं मत विचारू नकोस." असंच केलं.

जपानी दोझुकी (त्यांची पाठीची करवत) पहिल्यांदा हातात घेतली. पातं ०.३ मिमी. ओढताना पात्यावर ताण येतो आणि ताणलेलं पातं दुमडत नाही, म्हणून ते इतकं पातळ ठेवता येतं. ढकलणाऱ्या करवतीत पातं दाबाखाली असतं, त्याला जाडी हवी, आणि तरीही पातळ ठेवायचं तर पाठीवर पितळेची किंवा पोलादाची पट्टी हवी. दोझुकीची चीर इतकी बारीक की पेन्सिलीची रेष तिच्यापुढे जाड वाटते. खांद्याचा आडवा काप तिनं काचेसारखा दिला. पण तिच्या दोझुकीचे दात आडव्या कापाचे आहेत, शेपटीच्या उभ्या कापात ती रेंगाळली. उभ्या कापाच्या दातांची दोझुकीही मिळते, ती तिच्याकडे नव्हती. र्‍योबाला दोन कडा असतात, एकीवर उभ्या कापाचे दात, दुसरीवर आडव्या. तिची उभी कड सरसर चालली. पाठ नसल्यामुळे खोलीला अडसर नाही, पण लहान सांध्यात पातं लवतं.

एक गोष्ट तिनं न सांगता लक्षात आली. ओढताना भुसा आपल्याकडे येतो आणि आखलेल्या रेषेवरच बसतो, दर दोन हातांनी फुंकर मारावी लागते. दातही आपल्या बाजूनं बाहेर पडतात, म्हणजे तंतू फाटले तर आखलेल्या तोंडावरच फाटतात. सुरीनं आखलं तर हे टळतं.

माझ्यासाठी निर्णय फिरला तो दातांच्या रंगावरून. तिच्या दोन्ही जपानी करवतींचे दात टोकाला निळसर-काळे आहेत. क्षणभर प्रचंड उष्णता देऊन कडक केलेले. ते खूप दिवस धार धरतात, पण त्यांच्यावर कानस चालत नाही, घसरते. धार गेली की पातं बदलायचं. सागवानात सिलिका असते, धार लवकर खाते. शिवाय इतके कडक, सडपातळ दात टणक लाकडात तिरके पडले तर टोकं उडतात. मैत्रिणीच्या र्‍योबाचे तीन दात गेलेले दिसले. मला स्वतःच्या हातानं धार लावता येईल अशी करवत हवी. नव्या पात्याची वाट बघत काम थांबणं मला सोसत नाही. ती देवदारात काम करते, तिची निवड तिच्या कामाला योग्य आहे.

शेवटी तिची डव्हटेल करवत. १० इंची, इंचाला १५ दात, उभ्या कापाचे, पातं ०.५ मिमी, पितळी पाठ. पहिल्या तीन-चार हातांत मी दाबत होते आणि ती अडत होती. मग दाब सोडला, फक्त पुढे-मागे नेली, आणि पाठीच्या वजनानंच ती खाली उतरली. २० मिमीला चौदा हात.

रविवार, २१ जानेवारी

डव्हटेल करवत ठरली: १० इंची, १५ दात, उभ्या कापाचे, ०.५ मिमी पातं. याहून पातळ, ०.४ मिमीच्या आतलंही पातं मिळतं, चीर देखणी येते, पण एकदा हिसका बसला की मुरड पडते. १८-२० दातांची पातळ लाकडाला उत्तम. माझ्या २० मिमी सागवानात ती भुशानं चोंदली असती.

मूठ हातात धरून बघितल्याशिवाय घ्यायची नाही हे कालच शिकले. मुठीत तीनच बोटं मावायला हवीत, तर्जनी बाहेर, पात्याच्या दिशेनं रोखलेली. चार बोटं कोंबली की मनगट वळतं. माझा पंजा लहान आहे, मोठ्या मुठीत करवत हातात फिरायची.

शनिवार, २७ जानेवारी

कुसवांसाठी जुनी करवत मिळाली. ओळखीच्या वयस्क सुतारकाकांनी माळ्यावरून तीन काढून दिल्या आणि म्हणाले, "ताई, गंज बघू नका. आधी दातांच्या बाजूनं डोळा लावा."

करवत दात वर करून डोळ्याच्या रेषेत धरली आणि टोकापर्यंत बघितलं. पहिलीला मध्यावर मुरड होती, कागदाला घडी पडावी तशी. काकांनी मान हलवली. दुसरीला गंजाचे खड्डे थेट दातांपर्यंत पोचलेले. वर पात्यावर खड्डे असतील तर चालतात, पण दाताच्या टोकाशी खड्डा आला की तिथे धारच राहत नाही. तिसरी १४ इंची, पोलादी पाठीची. दातांची ओळ हलकी लाटेसारखी, मुरड नाही. "ही घ्या," काका म्हणाले. "दात गेले तर पुन्हा काढता येतात. पातं गेलं की संपलं. ही लाट पात्याची नाही, पाठीची आहे."

त्यांनी तिथेच दाखवलं. या जुन्या करवतीत पाठ म्हणजे मधोमध दुमडलेली पट्टी. पातं तिच्यात फक्त चिमटलेलं असतं, रिव्हेट नाही, झाळकाम नाही. करवत पडली किंवा आपटली की पातं पाठीत एका टोकाला जास्त आत सरकतं आणि खालच्या कडेला लाट येते. पातं दोन लाकडी पट्ट्यांमध्ये शेगड्यात धरलं, टोकाकडून पाठीला खालून लाकडी हातोडीनं हलके ठोके देऊन ती किंचित वर सरकवली, मग मुठीकडून टोकाकडे वरून ठोकत पुन्हा बसवली. डोळा लावला. ओळ सरळ.

पाठ घासल्यावर पुसट शिक्का दिसला: 'कास्ट स्टील'. ओतीव असा अर्थ घ्यायचा नाही. मुशीत वितळवून एकजीव केलेलं पोलाद, असा तो दाखला आहे. ही रीत शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समननं १७४० च्या दशकात बसवली. त्याआधीच्या पोलादात कर्बाचं प्रमाण एका पट्टीतच जागोजागी कमी-जास्त असायचं. मुशीतलं पोलाद सगळीकडे सारखं, म्हणून दातही सगळीकडे सारखे टिकतात. पातं बोटानं लववून सोडलं तर लगेच सरळ होतं, अजूनही.

इंचाला ११ दात. पण झिजलेले, एक मोठा एक लहान, आणि तिरके घासलेले. कोणीतरी तिचे दात आडव्या कापाचे करून ठेवले होते.

रविवार, २८ जानेवारी

सगळा दिवस कानशीवर.

आधी चपटी कानस दातांच्या माथ्यावरून लांबीभर फिरवली, प्रत्येक टोकावर चकाकता ठिपका दिसेपर्यंत. लहान दातांवर ठिपका यायला मोठ्या दातांचं बरंच पोलाद गेलं. हे सोडून पुढे गेलं तर उंच दातच सगळं काम करतात आणि करवत उड्या मारते.

मग त्रिकोणी कानस. मापाचा नियम असा: कानशीच्या एका बाजूची रुंदी दाताच्या उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त हवी. म्हणजे कानस फिरवून तिन्ही कोपरे वापरता येतात आणि कोणताही भाग दोनदा झिजत नाही. त्रिकोणाचा कोन ६० अंश, म्हणून दोन दातांमधली खोबण ६० अंशांचीच होते. पुढची कड किती कलती ठेवायची एवढंच आपल्या हातात, मागची आपोआप ठरते. उभी सरळ, ० अंशांवर ठेवली तर दात आक्रमक होतो, पण काप सुरू करताना अडतो. मी ८ अंश मागे कललेली ठेवली, मागची कड मग ५२ अंशांवर. कानशीच्या टोकात एक लाकडी ठोकळा खोचला आणि त्याची वरची कड आडवी राहील असा कोन बांधून घेतला. ठोकळा आडवा दिसतोय तोवर कल बरोबर.

कानस पात्याला काटकोनात, थेट सरळ. तिरका कोन नाही, एवढ्यानंच आडव्या कापाचे दात उभ्या कापाचे होतात. पुढच्या दिशेनं दाबून ढकलायची, परत येताना उचलायची. एकाआड एक खोबण एका बाजूनं घासली, मग पातं फिरवून उरलेल्या दुसऱ्या बाजूनं, म्हणजे बुर (घासताना कडेला उठणारी पोलादाची कणी) एकाच अंगाला साठत नाही. प्रत्येक खोबणीला आधी शाई लावली होती. शाई कुठे गेली ते बघून पुढचा हात ठरवला. माथ्यावरचा चकाकता ठिपका निम्मा एका बाजूनं खायचा, निम्मा दुसऱ्या बाजूनं. ठिपका नाहीसा झाला त्या हाताला थांबायचं, एकही जास्त नाही. १४ इंचांत दीडशेच्या वर दात. दुपारपर्यंत आवाजावरून कळायला लागलं: कानस चावते तेव्हा खर्ज, घसरते तेव्हा किंकाळी.

शेवटी सेट. चिमट्यानं फक्त दाताचा वरचा अर्धा भाग वाकवला. बुडापासून वाकवलं तर दात मोडतो किंवा पात्यालाच ताण बसतो. पातं ०.७ मिमी, चीर ०.९ च्या आसपास हवी.

शनिवार, ३ फेब्रुवारी

जुन्या करवतीची पहिली चाचणी. ७० मिमी पट्टीचा गाल, ५० मिमी खोल. वेगानं उतरली, भुसा कुरळा, खोबणी मोकळ्या. पण काप डावीकडे वळला. दुसराही डावीकडे, तितकाच.

दोन्ही काप सारखेच वळले, तेव्हा हाताचा प्रश्न नाही. ज्या बाजूचा सेट जास्त, त्या बाजूला करवत जाते. पातं आडवं सपाट ठेवलं आणि बारीक धारेचा दगड डाव्या बाजूच्या दातांवरून एकदा, अगदी हलका, मुठीपासून टोकापर्यंत फिरवला. पुन्हा काप. निम्मं वळण गेलं. आणखी एकदा दगड. तिसरा काप रेषेवर, मागच्या बाजूलाही.

घरच्या १२ इंचीचा सेटही याच पद्धतीनं कमी केला, दोन्ही बाजूंना सारखे हात. चीर १.३ वरून १.०५ मिमीवर आली. ती आता फक्त आडव्या कापाला.

रविवार, ११ फेब्रुवारी

काल आणि आज मिळून पेटीचे ऐंशी काप झाले.

शेपट्यांचा उतार १:७. फळी शेगड्यात तिरकी धरली, म्हणजे एका दिशेचे सगळे काप खाली सरळ उतरतात. मग फळी दुसरीकडे कलवून उरलेले. सुरुवात पलीकडच्या कडेवरून, करवत जवळजवळ उचलून धरलेली, तिचं वजनही लाकडावर पडू द्यायचं नाही. दोन-तीन हात असे गेले की खाच पडते, मग मूठ हळूहळू खाली, आणि करवत फळीच्या जाडीभर आडवी बसते. त्यानंतर दिशा बदलायचा प्रयत्न करायचा नाही. पहिल्या पाच हातांत जे ठरलं ते ठरलं, चिरीत पातं पिळून रेष गाठायला गेलं की तळाशी काप वाकडा होतो. पिनांच्या फळीवर रेष अर्धी ठेवायची, टाकाऊ बाजूनं कापायचं.

तिसऱ्या कोपऱ्यावर हात वाढलेले जाणवले, चौदाचे वीस. दिव्याखाली दातांच्या टोकांवर पांढरे बारीक ठिपके दिसले. धारदार टोकावरून प्रकाश परत येत नाही, बोथट टोक चमकतं. सागवानानं साठ कापांत एवढं काम केलं होतं. प्रत्येक खोबणीला कानशीचे दोन हलके हात, सेटला हात न लावता. वीस मिनिटं. चौथा कोपरा पुन्हा चौदावर. जपानी पातं असतं तर इथे टिकलं असतं, हे मान्य. पण पुढेमागे त्याची धार गेल्यावर मला ही वीस मिनिटं खर्चून काम चालू ठेवता आलं नसतं.

चारही कोपरे हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी बसले. दुसऱ्या कोपऱ्यात एक फट आहे, कागद जाईल इतकी. तिथे पाचर मारेन.

रविवार, १८ फेब्रुवारी

झाकणाची कुसवं. गाल जुन्या १४ इंचीनं. पट्टी शेगड्यात पुढे कलती धरायची, म्हणजे टोकाची रेष आणि समोरच्या कडेची रेष एकाच वेळी दिसतात. त्या दोन रेषांवरून तिरका काप खांद्यापर्यंत, मग पट्टी फिरवून दुसऱ्या कडेनं तसाच, आणि शेवटी पट्टी उभी करून मधला उरलेला त्रिकोण. तिसऱ्या टप्प्यात पातं आधीच्या दोन चिरींतून जातं, वाट ठरलेली असते.

आठांपैकी सात गाल थेट भोकात बसण्याजोगे. आठव्यात पट्टी फिरवायला विसरले आणि एकाच बाजूनं खाली गेले, मागच्या कडेला काप रेषेच्या ०.७ मिमी आत. त्या गालावर रंध्याची जाड साल चिकटवली, उद्या पुन्हा मापाला आणेन.

खांद्यांना घरची १२ इंची. आधी सुरीनं खोल रेष, मग पटाशीनं टाकाऊ बाजूनं रेषेपर्यंत उतरती बारीक खाच. करवत त्या खाचेच्या उभ्या भिंतीला टेकून चालते. सेट कमी केल्यापासून ही करवत ओळखू येत नाही. खांद्याची कड सुरीच्या रेषेसारखीच आली, पटाशीनं सारखी करावी लागली नाही. इतकी वर्षं ती तिचं नसलेलं काम करत होती.

रविवार, २५ फेब्रुवारी

खण. १० मिमी फळी, ठरल्याप्रमाणे १५ दातांची करवत अडखळली. सहाच दात लाकडात, पहिल्या हाताला टोकावरची कपची उडाली. २० दातांची करवत आणायचा विचार आला आणि गेला. खणाच्या दोन बाजू एकसारख्याच आहेत. त्या एकमेकींवर ठेवून, कडा जुळवून, शेगड्यात एकत्र धरल्या. जाडी २० मिमी, दात पुन्हा बारा. दोन्ही फळ्यांच्या शेपट्या एकाच कापात, आणि काटकोन तपासायला रेषही लांब मिळाली. पिनांच्या फळ्या अशा जोडता येत नाहीत, त्यांच्या कापाची दिशा टोकावर तिरकी असते. तिथे मागे एक टाकाऊ तुकडा धरला आणि पहिले हात उलट, मागे ओढत मारले. खाच पडल्यावर नेहमीसारखं पुढे.

शनिवार, २ मार्च

झाकण बसलं. आतल्या बाजूला करवतींसाठी तीन खाचांची पट्टी लावली: १० इंची, १२ इंची, १४ इंची. खाचेची रुंदी पाठीच्या जाडीवर, पात्याच्या नाही. प्रत्येकीच्या दातांवर चीर पाडलेली लाकडी पट्टी घातली, पट्टी अडकू नये म्हणून चीर त्याच करवतीनं पाडली. पात्यांना तेलाचा हात दिला.

उरलंय: दुसऱ्या कोपऱ्याची पाचर, बिजागऱ्या, बाहेरून तेल. १४ इंचीच्या टोकाकडच्या आठ-दहा दातांवर अजून पांढरे ठिपके आहेत, ते पुढच्या वेळी कानस हातात घेतली की आधी.